तांडेलांचे तीन मिलिमीटर

माणसाचं डोकं बरंच जड असतं. चांगल्या मोठ्या कलिंगडाएवढं तरी. हे मी सांगितलं की लोक हसतात, पण गेली एकोणीस वर्षं रोज सकाळी नऊपासून मी माणसांची डोकी हातात धरते आहे. एक तळहात मानेखाली, दुसरा डोक्यामागे, आणि तोंडाने म्हणायचं, "सोडा. डोकं माझ्या हातात सोडा." बहुतेक माणसं सोडत नाहीत. त्यांना वाटतं आपण सोडलंय. डोळे मिटलेले असतात, चेहरा शांत असतो, पण माझ्या तळहाताला कळतं की अर्धं वजन अजून त्यांनीच धरून ठेवलंय. शिक्षक लवकर सोडत नाहीत. पोलीस तर नाहीतच. घरात सगळ्यांचं करणाऱ्या बायका सोडतात आणि पुन्हा उचलतात. अगदी लहान मुलं आणि फार थकलेली माणसं लगेच सोडतात. तेव्हा ते सगळं वजन एकदम हातात येतं आणि मला अजूनही दचकायला होतं.

मी रेडिएशन देणारी तंत्रज्ञ आहे. आमचं गाव म्हसळ्याच्या आत, डोंगराच्या कुशीत, भातशेतीचं. तिथे माझ्या कामाला अजून नाव मिळालेलं नाही. आई सांगते, "ती मोठ्या मशिनवर असते." शेजारचे 'फोटोवाली' म्हणतात. एका मावशीचा समज असा, की मी दवाखान्यात लोकांना शेक देते. त्यातल्या त्यात मावशीचंच खरं आहे, कारण आमचे पेशंटही त्याला शेक म्हणतात, नाहीतर 'लाईट'. आज किती लाईट झाल्या, अजून किती राहिल्या, असा हिशोब बाहेरच्या बाकावर चालू असतो.

आमच्या किनाऱ्यावर तंबाखू, मिशरी आणि विडी यांचं राज्य जुनं आहे, त्यामुळे तोंडाचे, जिभेचे, घशाचे कॅन्सर आमच्याकडे खूप येतात. या भागात सगळं फार दाटीवाटीने बसवलेलं आहे. लाळेच्या ग्रंथी, गिळायचे स्नायू, आवाजाची पेटी आणि मागून मेंदूकडून निघालेला मज्जारज्जू, सगळं काही बोटांच्या अंतरात. किरण गाठीवर पडले पाहिजेत आणि शेजाऱ्यांना लागता कामा नयेत. त्यासाठी डॉक्टर आणि फिजिसिस्ट मिळून पेशंटच्या स्कॅनवर एक नकाशा आखतात. पण तो स्कॅन एका दिवशी, एका स्थितीत झोपून काढलेला असतो. पुढे पाच-सात आठवडे, रोज, पेशंटने अगदी तसंच झोपायचं. नकाशा कितीही सुंदर असला तरी जमीन सरकली तर त्याचा उपयोग नाही. जमीन सरकू न देणं, हे माझं काम.

वाचकांनी घरी एकदा करून बघावं. रात्री अंथरुणावर पाठ टेकून सरळ झोपा आणि हनुवटी छतापासून किती दूर आहे ते मनात धरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झोपून दाखवा. काडेपेटीतल्या काडीची जाडी साधारण दोन मिलिमीटर असते. आम्हाला तेवढ्यात बसायचं असतं.

यासाठी आम्ही मास्क करतो. पांढऱ्या प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात टाकली की पापडाच्या लाटीसारखी मऊ होते. ती पेशंटच्या चेहऱ्यावरून ओढून घ्यायची, कपाळ, नाक, हनुवटी बोटांनी दाबून बसवायची आणि गार होऊ द्यायची. दहा-पंधरा मिनिटांत त्या माणसाच्या चेहऱ्याचा कडक साचा तयार होतो. रोज तो चेहऱ्यावर ठेवून टेबलाला खटक्यांनी बसवतात. भिंतीतून येणाऱ्या लेझरच्या रेघा मास्कवरच्या खुणांवर जुळवायच्या, मग मशिनवरच एक छोटा स्कॅन काढून तो मूळ स्कॅनवर ठेवून बघायचा. फरक दिसला तर बाहेरच्या खोलीतून टेबल तेवढंच सरकवायचं. मग किरण.

लेझरची ती रेघ मला पहिल्यांदा पाहिली तेव्हाच ओळखीची वाटली. लावणीआधी आमचे बाबा खाचरात पाणी सोडून बांधावर उकिडवे बसत आणि पाण्याच्या कडेवरून जमिनीचा उंचवटा शोधत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एवढ्या मोठ्या खाचरात बोटभर उंचवटा त्यांना दिसायचा. आमच्या शाळेत विज्ञानाला एक ओळंबा आणि फुटक्या भिंगांचा एक संच एवढंच साहित्य होतं. तेवढ्यावर आमच्या सरांनी मला कोन मोजायला शिकवलं आणि पुढे या अभ्यासक्रमाचा अर्जही त्यांनीच तालुक्याहून आणून दिला. घरातली पहिली पदवीधर मी. त्या दोघांमुळे मी इथवर आले, हे लिहायची संधी पहिल्यांदाच मिळते आहे, म्हणून लिहून ठेवते.

या कामात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की माणूस का हलला ते शोधावं लागतं. मशिन फक्त किती हलला ते सांगतं.

हरिहरेश्वरला खानावळ चालवणाऱ्या एक काकू होत्या. त्यांची हनुवटी काही दिवस बरोबर असायची आणि काही दिवस वर यायची. आम्ही उशी बदलली, मास्क तपासला. शेवटी माझ्या लक्षात आलं, की बिघाड सोमवारी आणि गुरुवारी होतो. काकू रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी न्हायच्या. न्हाल्यावर अंबाडा फुगीर, तेल लावल्यावर घट्ट! डोकं त्या अंबाड्यावर तरंगत होतं. तेव्हापासून आम्ही मास्क करतानाच दोन वेण्या घालायला सांगतो. मुरूडच्या एका चाचांनी अर्ध्या उपचारात दाढी काढली, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं की लाईटने दाढी पेटते. मास्क ढिला झाला. मी विचारलं तर म्हणाले, "बेटी, दाढी काढली म्हणून तोंड काय लहान झालं?"

"झालं ना, चाचा. दोन मिलिमीटरने."

"या अल्ला," म्हणाले, "आणि घरात मला सगळे आडदांड म्हणतात."

अशा कोड्यांची मला सवय झाली होती. थोडी घमेंडही झाली असावी. अशात हरेश्वरकाका आले.

(नाव बदललं आहे. त्यांना विचारलं तेव्हा "खरंच टाक की, मी काय चोरी केली?" म्हणाले होते. पण आमच्या कामाचे नियम आहेत.)

काका दिघीच्या बाजूच्या कोळीवाड्यातले. साठीचे, काळे, रुंद खांद्यांचे. स्वतःच्या बोटीवर चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे बोट आणि तिच्यावरची माणसं ज्याच्या शब्दावर चालतात तो. सहा महिने आवाज बसला होता. ओरडून बसला असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तपासल्यावर स्वरतंतूवर गाठ निघाली. लहान होती, वेळेत सापडली होती. आमच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं, की अठ्ठावीस वेळा लाईट घ्यायची. नीट बसली तर गाठ जाईल आणि आवाज राहील. नाही बसली, तर पुढे ऑपरेशन करून आवाजाची पेटीच काढावी लागू शकते.

काकांनी बाकी काही विचारलं नाही. घोगऱ्या, हवा निघून गेलेल्या आवाजात म्हणाले, "आवाज गेला तर मंग बोटीवर मी कशाला?"

त्यांच्या बायकोने, यमुनाबाईंनी, लगेच जोडलं, "घरात तरी शांतता व्हईल." पण ते बोलताना त्यांनी पदराचं टोक मुठीत गच्च धरलेलं होतं.

मासेमारीच्या बंदीचे दिवस होते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. दिवस मोजून काकांनी ठरवलं होतं, की नारळी पौर्णिमेच्या आत लाईट संपवायची आणि बोट सुटेल तेव्हा आपण वर असायचं. बोलता येवो न येवो, वर असायचं. रोज दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला यायचं, तिथून एसटी.

मास्क करायच्या दिवशी त्यांनी ती जाळीदार शीट हातात घेऊन प्रकाशाकडे धरून बघितली. "हिचा आस लय बारीक हाय," म्हणाले. आस म्हणजे जाळ्याचं भोक. "यातनं मांदेली बी न्हाय सुटायची."

"तुम्हीपण सुटायचं नाही, काका," मी म्हटलं.

ते झोपले. मी मानेखाली हात घातला, "सोडा" म्हणणार तेवढ्यात सगळं डोकं माझ्या हातात आलं. पूर्ण, एकदम, लहान मुलासारखं. मी माझ्या सहकारी प्राजक्ताला म्हटलंसुद्धा, की असा पेशंट रोज मिळायला हवा.

पहिल्या दिवशी सगळं तंतोतंत जुळलं, टेबल सरकवावंही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दीड मिलिमीटरचा फरक होता, म्हणून आम्ही बाहेरून टेबल सरकवलं आणि खात्रीसाठी पुन्हा स्कॅन घेतला. कपाळ जागेवर होतं. नाक जागेवर, हनुवटी जागेवर. आणि गळा तीन मिलिमीटर खाली! ज्या गळ्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच तेवढा हललेला. आत जाऊन मास्क काढला, पुन्हा झोपवलं, पुन्हा जुळवलं. तेव्हा कुठे लाईट देता आली.

मग हे रोजचंच झालं. कधी पहिल्या स्कॅनला सगळं ठीक, की लगेच लाईट. कधी टेबल सरकवावं लागलं, की गळा गेलाच. आमचे फिजिसिस्ट पाटणकर सर म्हणाले, टेबल बिघडलं असेल. त्यांनी टेबलावर तपासणीचा ठोकळा ठेवून दोन तास मोजलं. टेबल एक केसही चुकत नव्हतं. ठोकळा हलत नाही आणि काका हलतात, म्हणजे दोष काकांचा, असं मी ठरवून टाकलं. गिळत असतील, खोकत असतील, कंटाळत असतील. मी त्यांना रोज बजावू लागले. ते रोज मान डोलवायचे.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी त्यांना तीन वेळा काढून तीन वेळा झोपवलं. बाहेरचे बाक भरून माणसं दारात उभी राहिली होती. तिसऱ्या स्कॅनलाही गळा खालीच. मी माईकचं बटण दाबून ओरडले, "काका, किती वेळा सांगायचं? हलू नका म्हणजे हलू नका! तुमच्यामुळे सगळे खोळंबलेत!"

आमच्या खोलीचं दार उघडं होतं. सगळ्यांनी ऐकलं. यमुनाबाईंनीही.

चौथ्यांदा जुळलं, लाईट झाली आणि काका बाहेर आले. गालांवर मास्कच्या जाळीचे चौकोन उमटलेले. जवळ येऊन हळू म्हणाले, "मी न्हाय हललो, बाय."

"काका, स्कॅन खोटं बोलत नाही," मी म्हटलं, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

गुरुवारी ते आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. फोन वाजत राहिला. वारा होता, म्हणून मी मनाशी म्हटलं, फेरी बंद असेल. पण डॉक्टरांचा चेहरा मला दिसत होता. या उपचारात मध्ये पडलेला खंड चांगला नसतो. आपण थांबतो, गाठ थांबत नाही. पाटणकर सर म्हणत होते, खांद्यापर्यंतचा मोठा मास्क करून नव्याने नकाशा आखू. त्यातही आणखी चार-पाच दिवस गेले असते.

शनिवारी मी गावी जायला निघाले. आगरदांड्याला फेरी उभीच होती. गाड्या चढत होत्या, स्कूटरवाले पुढे घुसत होते, आणि कठड्यापाशी डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन यमुनाबाई उभ्या होत्या.

"काकू, काका का नाही आले? फेरी बंद होती का?"

"फेरी चालू हाय. त्यो बंद हाय."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"चाळीस वर्सं त्यो दुसऱ्यांना झापतोय," त्या म्हणाल्या. "त्याला आजपतुर कुणी झापला न्हवता, मी सोडून. आन् तू झापलास ते बी न केलेल्या गोष्टीपायी. आता जाळ्यापाशी बसलाय तोंड फिरवून. मना बोलतो, जी पोरगी मना खोटा बोलते तिच्या हातात मी मान कशी देऊ?"

फेरी खाडीच्या मध्यावर आली होती. समोरून दुसरी फेरी गेली, तिची लाट आडवी आली आणि आमची फेरी एका बाजूला कलली. मी भेलकांडले, एका गाडीच्या आरशाला धरलं, गाडीवाला ओरडला. आणि त्याच क्षणी माझं लक्ष यमुनाबाईंकडे गेलं.

त्यांचे दोन्ही हात पदरात होते. टोपलीला हात नव्हता, कठड्यालाही नव्हता. फेरी कलली तशी त्यांची पावलं फाकली, एक गुडघा वाकला, कंबर एकीकडे गेली, खांदा वर आला. आणि डोकं, टोपलीसकट, होतं तिथेच राहिलं. जणू आभाळातून दोरी बांधून टांगलं होतं. खालचं सगळं शरीर त्या डोक्याखाली सरकून आलं होतं.

"काकू, पुन्हा कराल?"

"काय पुन्ना?"

"आत्ता लाट आली तेव्हा केलंत ते."

"लाट काय माझ्या हातात हाय?"

"नाही, म्हणजे, डोकं कसं हलत नाही तुमचं?"

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "डोकं हललं तर सुकट पाण्यात जाईल. पायांना कळतं काय करायचं ते. मी काय करत न्हाय. पाय करतात."

मी पुढच्या एसटीचा विचार सोडला आणि त्यांच्यामागून त्यांच्या घरी गेले.

काका ओट्यावर जाळं विणत बसले होते. मला बघून हातातली सुई थांबली नाही. मी म्हटलं, "काका, मला एक करून बघायचंय. पाच मिनिटं झोपाल का?" त्यांनी जाळं पुढे ओढलं. यमुनाबाई म्हणाल्या, "झोपा. पोरगी गावची वाट सोडून आलीये." तेव्हा उठले.

ओट्यावरच मासळीच्या दोन क्रेटवर एक फळी टाकली. काका झोपले, डोळे मिटले. मी मानेखाली तळहात सरकवला. डोकं हातात आलं, पण पहिल्या दिवसासारखं नाही. जरा राखून. ते मला लागलं. मी यमुनाबाईंना खूण केली. त्यांनी पायाकडून फळी किंचित ढकलली. अगदी बोटाने ढकलावी तशी.

चेहरा हलला नाही. पापणीसुद्धा नाही. पण माझ्या तळहाताखाली मान दोरासारखी ताठ झाली, टाचा फळीत रुतल्या आणि दोन्ही खांदे कानांच्या दिशेने वर आले. क्षणभरच. मग सगळं पुन्हा निवांत, पण खांदे वरच राहिले.

"काका, हललात?"

"न्हाय."

ते खरंच सांगत होते. बुधवारीही खरंच सांगत होते. चेहरा मास्कमध्ये होता, खांदे मोकळे होते. बंद खोलीत, कुणी जवळ नसताना, पाठीखालचं टेबल काही न सांगता सरकलं की चाळीस वर्षं समुद्रावर राहिलेल्या शरीराने तेच केलं, जे त्याला येत होतं. डोकं धरून ठेवलं आणि बाकीचं खाली जुळवून घेतलं. खांदे वर चढले की मान आखडायची आणि गळा तेवढा खाली दबायचा. मी सांगत होते 'हलू नका', आणि त्यांचं शरीर हलू नये म्हणूनच तर हलत होतं.

मी त्यांना हे जमेल तसं समजावलं. स्कॅन खोटं बोलत नव्हता आणि तेही खोटं बोलत नव्हते. चूक माझी होती, मी विचारलं नाही, ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग आता काय?"

"तुम्ही बोटीवर झोपता कसे? तेव्हापण असंच होतं?"

"तवा सुकाणू भाच्याकडं असतो. मोठी लाट आली तर त्यो आधी आवाज देतो. झोपेत बी कानावर पडतो. मंग मी कूस बी बदलत न्हाय. सांगून आली तर लाटेचं काय एवढं?"

मी पुन्हा मानेखाली हात घातला. "काकू, सरकवा. काका, फळी तुमच्या डोक्याकडे येतेय, थोडीशीच." फळी सरकली. मान मऊच राहिली. पुन्हा केलं, पुन्हा मऊ. यमुनाबाई आता जोरात ढकलायला लागल्या, तेव्हा काका डोळे मिटूनच म्हणाले, "हिला सांग, हिच्या हातात सुकाणू न्हाय."

सोमवारी ते आले. डॉक्टर आणि पाटणकर सरांना मी सगळं सांगितलं होतं. सर म्हणाले, मोठ्या मास्कआधी एकदा तुझं करून बघू. जुळलं नाही तर उद्याच मोठा मास्क. डॉक्टरांच्या परवानगीने यमुनाबाईंना आमच्या खोलीत बसवलं. गुडघ्याखाली उशी दिली, टाचा रुतायला काही मिळू नये म्हणून. पहिला स्कॅन झाला. दोन मिलिमीटर फरक. टेबल सरकवावंच लागणार होतं.

मी माईक घेतला. "काका, टेबल वर येतंय. दोन मिलिमीटर. आत्ता."

दुसरा स्कॅन पडद्यावर आला. गळा दीड मिलिमीटर खाली. तीनवरून दीड, पण दीड. मी पुन्हा सांगून बघणार होते, तोच यमुनाबाईंनी वाकून माईकचं बटण स्वतःच दाबलं.

"ऐकलं का वो! तिथं तुमी तांडेल न्हाय! बर्फातल्या पापलेटासारखं पडा गुमान! पापलेट कधी बर्फात खांदे उचलतो का?"

कॅमेऱ्यात काकांचं पोट हलायला लागलं. ते मास्कच्या आत हसत होते. सरांनी कपाळाला हात लावला. प्राजक्ता तोंड फिरवून उभी राहिली. आम्ही त्यांचं हसू ओसरेपर्यंत थांबलो. आणि ते हसू ओसरताना, पडद्यावर सगळ्यांना दिसेल असे त्यांचे खांदे सावकाश खाली आले, ओहोटीचं पाणी उतरावं तसे. मी पुन्हा सांगून टेबल सरकवलं, पुन्हा स्कॅन घेतला. कपाळ जागेवर. हनुवटी जागेवर. गळा जागेवर.

पुढे रोज मी त्यांना लाट सांगत गेले. "काका, डावीकडे, एक." "काका, आज लाट नाही, पडून राहा." गळा पुन्हा गेला नाही.

चौथ्या आठवड्यात, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, आवाज पूर्ण बसला. गळ्याची कातडी काळी पडली, पेजेशिवाय काही उतरेना. मी माईकवर सांगायचे आणि ते अंगठा वर करायचे. चुकलेले दोन दिवस शेवटी जोडावे लागले, आणि ते नेमके नारळी पौर्णिमेच्या पलीकडे गेले. पौर्णिमेच्या सकाळी काका फेरीने येत असताना त्यांची स्वतःची बोट पताका लावून खाडीबाहेर पडली. सुकाणूवर भाचा. बोट सुटताना तांडेल जी आरोळी देतो, ती त्याने दिली. हे मला यमुनाबाईंनी सांगितलं. काकांना सांगता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. त्या दिवशी त्यांची मान हातात घेतली तेव्हा ती लाकडासारखी होती. मी "सोडा" म्हटलं नाही. तशीच धरून उभी राहिले, जरा वेळाने ती सुटली. ते दोन दिवस माझ्यामुळे गेले होते. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, यमुनाबाईंनीही नाही, आणि त्या काही न बोलता सोडणाऱ्या बाई नव्हेत.

शेवटच्या दिवशी मास्क घरी न्यायला दिला. काकांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि बायकोकडे दिला. त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरून जाळीतून नवऱ्याकडे बघितलं. "बरा दिसतो यातनं," म्हणाल्या.

आता आमच्याकडे टेबल हलवायच्या आधी प्रत्येकालाच सांगायचं, असा रिवाज आहे. आणि मी प्रत्येकाला विचारते, काम काय करता? आधी हा रकाना मी फक्त भरत होते. एसटीचे एक निवृत्त ड्रायव्हर टेबल हललं की उजवा पाय दाबतात. माडावर चढणारे एक आजोबा गुडघे जवळ घेतात. असं बरंच काही सापडतं. एकोणीस वर्षांत माझ्या हाताखालून अशी किती शरीरं, मी न विचारल्यामुळे, 'पेशंट सहकार्य करत नाही' असा शेरा घेऊन गेली असतील, हा विचार मात्र मी फार वेळ करू शकत नाही.

काकांच्या तपासण्या चालू आहेत. गाठ दिसत नाही. डॉक्टर अजून काही वर्षं बघत राहणार. आवाज कसा आणि किती परत येईल, ते लाईट संपल्या तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. हिवाळ्यात एकदा तपासणीला आले तेव्हा कुजबुजल्यासारखंच बोलत होते. त्यानंतर बरेच दिवस मला ते भेटले नाहीत.

गेल्या वर्षी होळीच्या आधीच्या शनिवारी मी गावी चालले होते. फेरी खाडीच्या मध्यावर होती. बाहेरून दोन बोटी परत येत होत्या. त्यांतली पुढची आमच्या बाजूने जरा जवळून गेली आणि तिची लाट फेरीला लागली. इतक्या वर्षांनंतरही मी भेलकांडले आणि शेजारच्या स्कूटरला मिठी मारली. स्कूटरवाला हसला. बोटीवरचे खलाशीही हसले, तेवढं अंतर होतं. मी ओशाळून सरळ उभी राहत होते, तेवढ्यात बोटीच्या मागच्या बाजूने, सुकाणूपाशी उभ्या असलेल्या रुंद खांद्यांच्या माणसाने तोंडाशी हात नेला.

आवाज फाटका होता. वर चढताना चिरकत होता. पण आमच्या फेरीचं इंजिन आणि त्यांच्या बोटीचं इंजिन, दोन्हींच्या वरून तो माझ्यापर्यंत स्पष्ट आला.

"हलू नको, बाय! पायांना कळतं काय करायचं ते!"